हद्दीवरची मादी

१

२०१८ च्या शरदात राळेगाव तालुक्याच्या जंगलात एका वाघिणीला जवळ ओढण्यासाठी पुरुषांसाठी बनवलेलं एक अमेरिकी अत्तर वापरलं गेलं. कॅल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन फॉर मेन’. जवादी मांजराच्या ग्रंथींतून मिळणाऱ्या गंधद्रव्याची कृत्रिम प्रत त्यात असते. हा वास मोठ्या मांजरवर्गातल्या प्राण्यांना खिळवून ठेवतो, हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या चाचण्यांत २००३ साली दिसून आलं होतं. रानातल्या प्राण्याचा गंध प्रयोगशाळेत घडवला गेला, पुरुषाच्या अंगावर आकर्षणासाठी चढला आणि शेवटी यवतमाळच्या रानात एका मादीला बंदुकीच्या टप्प्यात आणण्यासाठी शिंपडला गेला. एखाद्या लेखकाने हे कथेत घातलं असतं, तर संपादकाने ‘फार ओढूनताणून आणलंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

ती वाघीण म्हणजे वनविभागाच्या नोंदीतली टी-१, वन्यप्राणीप्रेमींची अवनी. पांढरकवडा वनविभागात २०१६ च्या जूनपासून २०१८ च्या ऑगस्टपर्यंत झालेले १३ मृत्यू तिच्याशी जोडले गेले. तिला जिवंत पकडावं आणि ते साधलं नाही तर गोळी घालावी, असा आदेश निघाला. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. मागे साधारण दहा महिन्यांचे दोन बछडे राहिले.

हे पुस्तक वाघांविषयी नाही. यात मी वाचलेल्या विज्ञानकथांविषयी लिहिलं आहे. पण त्या कथांकडे कुठून पाहायचं, ही जागा मला या घटनेने दिली. माणूस कुठे संपतो आणि जनावर कुठे सुरू होतं, हा प्रश्न जगातली विज्ञानकथा दोनशे वर्षं विचारते आहे. तो विचारताना ती पुन्हा पुन्हा एका मादीपाशी येऊन थांबते. कधी ती बाई असते, कधी पशू, कधी अर्धवट घडवलेला एखादा देह. हे योगायोगाने होत नाही, असं मी मानते. माणसाची आणि जनावराची हद्द निसर्गाने आखून दिलेली नाही. ती कोणीतरी, एखाद्या कामासाठी, हाताशी असलेल्या साधनांनी आखतं. आणि ती आखताना बहुतेक वेळा मादीला त्या रेषेवर उभं केलं जातं, तिच्या देहाने रेषेची खूण पटवली जाते आणि रेषा चुकली तर किंमतही तिच्याकडूनच वसूल होते. पुढची सगळी प्रकरणं या एका म्हणण्याभोवती फिरतात.

२

विज्ञानकथेचा आरंभ जिथून मानतात त्या कादंबरीपासूनच सुरुवात करू. मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ १८१८ च्या पहिल्या दिवशी लंडनला छापून आली, तेव्हा मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव नव्हतं. ती वीस वर्षांची होती. शवविच्छेदनाच्या खोल्यांतून आणि कत्तलखान्यांतून आणलेल्या अवयवांचा एक देह व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन उभा करतो, हे सर्वांना आठवतं. कत्तलखान्याचा उल्लेख मात्र वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटतो. तो देह पहिल्यापासूनच माणूस आणि जनावर अशा दोन्हींच्या मांसाचा आहे. पुढे तो प्राणी आपल्या निर्मात्याकडे एकच मागणं मागतो: माझ्यासारखीच एक जोडीदारीण दे, आम्ही माणसांपासून दूर निघून जाऊ. व्हिक्टर कामाला लागतो, मादी जवळजवळ पूर्ण करतो, आणि मग स्वतःच्या हातांनी तिचे तुकडे करतो. त्याला दोन गोष्टींची धास्ती वाटते. एक, तिला पोरं होतील. दुसरी, तिचं स्वतःचं मन असेल आणि दुसऱ्याने तिच्या वतीने दिलेला शब्द ती पाळणार नाही. नराला जिवंत सोडणारा शास्त्रज्ञ मादीला मात्र जन्मूही देत नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका तरुण बाईने हे इतकं स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

एच. जी. वेल्सची ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ १८९६ ची. एका बेटावर डॉक्टर मोरो प्राण्यांची चिरफाड करून त्यांना माणसाच्या रूपात आणू पाहतो आणि त्यांनी माणसासारखं वागावं म्हणून त्यांच्याकडून नियम घोकून घेतो. या कादंबरीत सगळ्यात जास्त ऐकू येतो तो एका पूमा मादीचा आक्रोश. दिवसामागून दिवस तिच्यावर शस्त्रक्रिया चाललेली असते. शेवटी तीच साखळी उपटून मोरोला संपवते आणि स्वतःही मरते. मोरो गेल्यावर बेटावरचे पशुमानव हळूहळू मूळपदावर येऊ लागतात, तेव्हा लाजेचे नियम सर्वांत आधी मोडतात त्या माद्या, अशी नोंद कथा सांगणारा इंग्रज गृहस्थ करतो. वेल्स ही नोंद कितपत गंभीरपणे करतो आणि निवेदकाची नजर किती उघडी पाडतो, यावर मी दुसऱ्या प्रकरणात सविस्तर लिहिलं आहे. इथे एवढंच सांगते की माणूसपण हा पाठ करून घ्यायचा धडा असेल, तर तो पहिल्यांदा बाई विसरेल, ही भीती त्या काळच्या सभ्य समाजात खोलवर रुजलेली होती.

वेल्सनंतर नऊ वर्षांनी, १९०५ मध्ये, मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये एक छोटी गोष्ट छापून आली. रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’. या गोष्टीतल्या देशात बायका राज्यकारभार पाहतात, ढगांतून पाणी काढतात, सूर्याची उष्णता साठवतात, आणि पुरुष घराच्या आत राहतात. सुलताना आपल्या यजमानीण बाईंना म्हणते की बायकांनी बाहेर पडणं सुरक्षित नाही. त्यावर त्या बाई उत्तर देतात, त्याचा आशय असा: बाजारात रानटी जनावर शिरलं तरी रस्ता असुरक्षितच होतो, पण म्हणून कोणी माणसांना कोंडत नाही, जनावराला कोंडतात, मग इथे उलटं का? पडद्यात वाढलेल्या एका बंगाली बाईने हद्दीचा सगळा व्यवहार एका प्रश्नात आणून ठेवला. कोंडायचं कोणाला, हे ठरवणाराच हद्द आखतो. पांढरकवड्याच्या परिसरात दोन वर्षं बायका वेचणीला, सरपणाला, गुरांमागे जायला घाबरत होत्या. संध्याकाळ व्हायच्या आत घरात, आणि एकटीने तर धुऱ्यावरही जायचं नाही. रोकेयांचा प्रश्न मी तेव्हा पुन्हा वाचला आणि तो शतकापूर्वीचा वाटला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धागा अमेरिकेत दाट होतो. जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने लिहिणारा लेखक पुरुषी, कणखर शैलीचा म्हणून गाजला. १९७७ साली उघड झालं की तो अ‍ॅलिस शेल्डन नावाची बाई आहे. प्रायोगिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली आणि प्रयोगशाळेत उंदरांवर काम केलेली. तिच्या १९७३ च्या ‘द विमेन मेन डोन्ट सी’ या कथेत एक आई आणि तिची मुलगी परग्रहावरच्या अनोळखी जिवांबरोबर निघून जाणं पसंत करतात. पुरुषांच्या जगात आपण शहराच्या सांदीकोपऱ्यात जगणाऱ्या ऑपॉसमसारख्या आहोत, असं ती आई सांगते. ऑपॉसम म्हणजे मांजराएवढा एक निशाचर प्राणी, माणसांच्या वस्तीत कोणाच्या लक्षातही न येता तगून राहणारा. पुरुष निवेदकाला तिचं बोलणं कळत नाही. त्याला दिसतं ते फक्त तिचं वागणं, ज्याचा अर्थ लागत नाही.

त्याच लेखिकेची १९७७ ची ‘द स्क्रूफ्लाय सोल्यूशन’ ही कथा कापसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाने जरूर वाचावी. किडीचा नायनाट करायचा असेल तर तिच्या प्रजननाच्या साखळीत एका जागी घाव घालायचा, हे कीटकशास्त्रातलं तंत्र आहे. अमेरिकेत गुराढोरांना पोखरणारी माशी वांझ नर सोडून अशीच हटवली गेली. शेल्डनच्या कथेत हेच तंत्र कोणीतरी माणसांवर वापरतं. पुरुषांच्या मनातली वासना हिंसेत बदलते, बायका मारल्या जाऊ लागतात आणि मनुष्यजात आपणहून संपत जाते. माणसालाच कीड ठरवणारी ही गोष्ट. आता हे वास्तवाशेजारी ठेवून पाहा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. त्या मोहिमेत बीटी कापूस होता, वांझ पतंग होते आणि अनेक वर्षांचा सरकारी समन्वय होता. त्याच्या आदल्याच हंगामात, २०१७ मध्ये, यवतमाळच्या शेतात तीच बोंडअळी बीटी कापसाला न जुमानता बोंडं पोखरत होती आणि फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. एका जिवाणूचं जनुक २००२ पासून आपल्या पऱ्हाटीत आहे. वनस्पती, जिवाणू, कीड आणि माणूस यांच्यातल्या हद्दी आपल्या वावरात केव्हाच मोडल्या आहेत. त्यावर कथा लिहायला परग्रहावर जायची गरज नव्हती.

३

कथांकडून थोडं विज्ञानाकडे वळू, कारण कथाकारांनी हद्दीचा प्रश्न विज्ञानाकडूनच घेतला. कार्ल लिनियसने १७५८ च्या वर्गीकरणात माणसाला ठामपणे प्राण्यांच्या कुळात बसवलं. त्यासाठी त्याने देहाची जी खूण निवडली, ती स्तनांची. नर आणि मादी दोघांतही चालतील अशा केस, कानाची हाडं अशा दुसऱ्या खुणा उपलब्ध होत्या. तरी माणसाला पशूशी जोडणारी खूण मादीच्या देहातून घेतली गेली, आणि माणसाला इतर पशूंपासून वेगळं काढणारी खूण मात्र बुद्धीची. विज्ञानाच्या इतिहासकार लाँडा शीबिंगर यांनी हे लक्षात आणून दिलं. पाठ्यपुस्तकातला एक कोरडा तक्ताही हद्दीचं राजकारण कसं करतो, हे त्यातून उमगतं.

१९६० साली टांझानियाच्या गोम्बेत जेन गुडॉल यांनी चिंपांझींना काडीने वाळवी काढून खाताना पाहिलं. अवजार करणारा तो माणूस, ही व्याख्या त्या दिवशी ढासळली. पण माझ्यासाठी त्याहून महत्त्वाचं काम राजस्थानातल्या अबूच्या डोंगरावर झालं. सारा ब्लाफर हर्डी यांनी १९७० च्या दशकात तिथल्या हनुमान लंगुरांचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये ‘द लंगूर्स ऑफ अबू’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. बाहेरचा नर टोळी बळकावतो आणि आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे नोंदलं गेलंच. पण हर्डींनी माद्यांकडेही तितक्याच बारकाईने पाहिलं. त्या काय करतात, पिल्लू कसं वाचवतात, कोणाशी संधान बांधतात, एकमेकींच्या मदतीला कधी धावतात. तोवर वानरशास्त्रात मादी ही नरांच्या लढाईचं बक्षीस होती. हर्डींच्या नोंदींत ती डावपेच करणारी प्राणी झाली. पुढे १९८९ मध्ये डॉना हॅरावे यांनी ‘प्रायमेट व्हिजन्स’ या ग्रंथात दाखवून दिलं की वानरांच्या अभ्यासात माणसं स्वतःच्याच कुटुंबाच्या, वंशाच्या आणि सत्तेच्या गोष्टी सांगत आली आहेत. त्या ग्रंथाच्या अखेरीस हॅरावे विज्ञानकथेकडे येतात, ऑक्टेव्हिया बटलर या लेखिकेकडे. ते वळण मला या पुस्तकाची वाट दाखवून गेलं.

मराठी वाचकाला इथे ‘सत्तांतर’ आठवेल. व्यंकटेश माडगूळकरांची लंगुरांच्या टोळीवरची ही छोटी कादंबरी, १९८३ च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी. ती विज्ञानकथा म्हणून लिहिलेली नाही. पण निरीक्षणावर उभी असलेली, माणसाला मध्यभागातून बाजूला सारणारी आणि टोळीतल्या माद्यांना, पिल्लांना सत्तेच्या उलथापालथीत काय भोगावं लागतं ते न रडता सांगणारी अशी कादंबरी मराठीत आहे, ही आपली मोठी ठेव आहे. मराठीतली हद्दीवरची विज्ञानकथा उद्या कोणी लिहिली, तर तिची आजी ‘सत्तांतर’ असेल.

४

आता पुन्हा यवतमाळकडे. टी-१ चा माग काढायला जे जे आणलं गेलं त्याची यादी पाहावी: कॅमेरा ट्रॅप, उष्णता टिपणारे कॅमेरे, ड्रोन, बेशुद्ध करण्याच्या बंदुका, शिकारी कुत्रे, हत्ती. मृतांच्या देहांवरचे लाळेचे नमुने तपासले गेले, आणि मारणारं जनावर नर की मादी हे डीएनएवरून ठरवण्याचा प्रयत्न झाला, कारण त्याच भागात टी-२ नावाचा नरही फिरत होता. मोहिमेसाठी आणलेल्या हत्तींपैकी एक ऑक्टोबरमध्ये साखळी तोडून निघाला आणि त्याने राळेगाव तालुक्यात एका बाईला चिरडून मारलं. ती बाई वाघिणीच्या १३ बळींत मोजली जात नाही. तिला मारणारं जनावर आपल्या बाजूचं होतं. हद्दीच्या कोणत्या बाजूचा मृत्यू कोणत्या खात्यात जमा होतो, हे या एका घटनेत दिसतं.

वाघीण मेल्यानंतर गावांत फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. शहरांत मेणबत्त्या लागल्या. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत कार्यपद्धती मोडल्याचं नमूद झालं. या सगळ्या काळात दोन्ही बाजूंनी तिच्याविषयी जे बोललं गेलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. तिला वाचवू पाहणाऱ्यांनी सतत सांगितलं की ती आई आहे. तिला मारू पाहणाऱ्यांनी सांगितलं की ती आई आहे म्हणूनच जास्त धोकादायक आहे, बछड्यांना शिकार शिकवताना ती माणूस शिकवेल. दोन्हीकडे तिचं आईपण हाच पुरावा. आणि ज्या बाया-माणसं मेली, ज्यांच्या मागे उरलेल्या घरांत पुढचा हंगाम कसा काढायचा हा प्रश्न होता, ती १३ या आकड्यात मावून गेली. २०१६ च्या जूनमध्ये बोराटीत या मालिकेतला पहिला जीव गेला तो शेतात गेलेल्या एका वयस्क बाईचा. तिच्यावर देशात चर्चा झाली नाही. मला वाघिणीबद्दल कळवळा आहे. तो या बाईच्या बाजूने उभं राहून व्यक्त करता येत नसेल, तर त्या कळवळ्याला अर्थ नाही.

टी-१ च्या शेजारी दुसऱ्या एका वाघाची गोष्ट ठेवते. याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण नर. आईचा क्रमांक तिथेही टी-१ च होता, पण ती वेगळी वाघीण. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर चढली, जूनमध्ये तो निघाला, तेलंगणातल्या आदिलाबादपर्यंत गेला, मराठवाड्याच्या कडेने फिरत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण ३,००० किलोमीटरहून अधिक चालला. त्याचं नाव पडलं वॉकर. जगभरच्या बातम्यांत तो जोडीदारणीच्या शोधात निघालेला धाडसी प्रवासी होता, आणि त्याच्यासाठी ज्ञानगंगेत एखादी मादी आणून सोडावी का, याचीही चर्चा झाली.

जीवशास्त्र याचा काही भाग समजावतं. नेपाळच्या चितवनमधल्या अभ्यासांतून दिसलं की तरुण वाघिणी बहुधा आईच्या मुलखाला लागून ठाव धरतात, नर दूर निघून जातात. बछडे असलेल्या मादीला जास्त शिकार लागते आणि ती लांब जाऊ शकत नाही. म्हणजे जंगल आक्रसलं, शेतं जंगलात शिरली, की हद्दीवर अडकते ती मादी. नर निघून जातो आणि त्याची गोष्ट प्रवासाची होते. मादी राहते आणि तिची गोष्ट गुन्ह्याची होते. हे विधान वाघांपुरतं सत्य आहे. कर्जात बुडालेल्या शेतात मागे कोण उरतं, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते वाघांपलीकडेही ऐकू येईल. २०१९ च्या जानेवारीत, वाघीण मारली गेल्याला जेमतेम सव्वादोन महिने होत असताना, यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या, आणि उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने केलं. मराठी साहित्याने त्या दिवशी मागे उरलेल्या बाईला बोलू दिलं, हे फार मोलाचं होतं.

टी-१ च्या मादी बछडीची पुढची हकिगत माझ्या चौथ्या प्रकरणाचा कणा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तिला पकडून पेंचला नेलं, पीटीआरएफ-८४ असा क्रमांक दिला, कुंपणाच्या आत शिकार करायला शिकू दिलं आणि मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडलं. काही दिवसांतच दुसऱ्या एका वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जबर जखमी झाली आणि मरण पावली. ऑक्टेव्हिया बटलरच्या १९८७ च्या ‘डॉन’ या कादंबरीत पृथ्वी उद्ध्वस्त झाल्यावर परग्रहवासी उरल्यासुरल्या माणसांना वाचवतात, बंद खोल्यांत ठेवतात, त्यांच्या आरोग्याची काळजी घेतात आणि त्यांचं प्रजनन स्वतःच्या हातात घेतात. लिलिथ नावाची काळी बाई त्यांच्याच उपकाराने जिवंत आहे आणि त्यांचीच कैदी आहे. संवर्धनाची भाषा आतून कशी ऐकू येते, हे या कादंबरीइतकं स्पष्ट मला कुठे दिसलेलं नाही. बटलरला ताडोबा-पेंच ठाऊक नव्हतं. तरी पीटीआरएफ-८४ च्या बाजूने विचार करायची काही शब्दसामग्री तिच्याकडेच मिळते.

आणि इथल्या मातीत आधीपासून असलेली एक गोष्ट. राळेगाव तालुक्यातच रावेरी गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे आणि त्यात राम नाही. लोक सांगतात की टाकून दिलेली सीता इथे आली, लव-कुशांना तिने इथेच वाढवलं. तिने गावात गहू मागितले, गावाने दिले नाहीत, तेव्हा इथे गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला. अश्वमेधाच्या घोड्यामागून आलेल्या हनुमानाला पोरांनी बांधून घातलं ते इथेच, असंही सांगतात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या देवळाचा जीर्णोद्धार घडवला आणि एकट्या पडलेल्या बायकांच्या प्रश्नाशी ते जोडलं. मी वाघिणीला सीता म्हणत नाही. मारल्या गेलेल्या माणसांच्या घरच्यांसमोर असं म्हणणं निर्दयपणाचं होईल. मला दिसतं ते वेगळं: जंगलाच्या कडेला दोन पोरं घेऊन उभी असलेली आई, तिला दाणे न देणारं गाव आणि माणूस की वानर की देव हे ठरवता न येणारा एक पाहुणा, हा सगळा मांड या तालुक्याने विज्ञानकथा जन्मायच्या कितीतरी आधी मांडून ठेवला होता. आणि त्यात न्याय झाला तो गावाचा. आईला कोणी जाब विचारला नाही.

५

मराठी विज्ञानकथेविषयी बोलल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपली कीर्ती परीक्षकांच्या आड येऊ नये म्हणून त्यांनी नाव लपवलं. मेरी शेली आणि अ‍ॅलिस शेल्डन यांना नाव का झाकावं लागलं आणि नारळीकरांनी ते का झाकलं, यातला फरक ध्यानात घेतला तर या प्रकाराची दोन टोकं दिसतात. ‘यक्षांची देणगी’पासून नारळीकरांनी आणि त्यांच्या बरोबरीने बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी मराठी वाचकाला विज्ञानाच्या शिस्तीत कल्पना करायला शिकवलं. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं, तेव्हा विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या मुख्य ओसरीत बसायला जागा मिळाली.

या परंपरेचा मला अभिमान आहे आणि तिच्याकडे माझं मागणंही आहे. आपली विज्ञानकथा आकाशाकडे, यंत्राकडे, प्रयोगशाळेकडे भरभरून पाहत आली. जंगलाच्या कडेकडे तिने क्वचित पाहिलं. आपल्याकडे कोलाम आणि गोंड वस्त्यांत वाघाला देव मानणारी माणसं आहेत, त्याच जंगलात वाघाला क्रमांक देणारे अधिकारी आहेत, तिथेच कॅमेरा ट्रॅपमध्ये मोहफुलं वेचायला निघालेल्या बायकांचीही छायाचित्रं येतात. या माणसांना एकत्र आणणारी कथा लिहायला लागणारं विज्ञान आपल्यापाशी आहे, भाषा आपल्यापाशी आहे, आणि प्रश्न तर दारात उभा आहे. २०२१ मध्ये आलेल्या ‘शेरनी’ या हिंदी चित्रपटाने या घटनेच्या छायेत एका महिला वनाधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. मराठी कथेला त्याही पुढे जाता येईल. चित्रपटाला वाघिणीच्या बाहेर उभं राहून पाहावं लागतं. विज्ञानकथेला तिच्या नाकाने वास घेता येतो.

पुस्तकाची रचना साधी आहे. पहिली तीन प्रकरणं शेली, वेल्स आणि रोकेया यांच्याविषयी. चौथं प्रकरण बटलरच्या ‘डॉन’चं आणि पेंचच्या कुंपणाचं. पाचव्यात शेल्डन आणि कापसाची कीड. सहाव्यात अर्सुला ले ग्विन: कायमचं स्त्री किंवा पुरुष असं कोणीच नसलेल्या समाजाची तिची १९६९ ची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’, आणि प्राण्यांना दिलेली नावं परत घेणाऱ्या बाईची १९८५ ची छोटी कथा ‘शी अननेम्स देम’. टी-१ आणि अवनी या दोन नावांमधल्या भांडणावर मला जे म्हणायचं आहे, ते त्या प्रकरणात आलं आहे. सातव्यात हर्डी आणि माडगूळकर यांचे लंगूर एकमेकांना भेटतात. शेवटचं प्रकरण मराठीत अजून न लिहिल्या गेलेल्या कथांचं आहे.

विज्ञानाची पदवी नसलेल्या वाचकालाही हे पुस्तक वाचता यावं, असा मी प्रयत्न केला आहे. वनखात्यात काम करणाऱ्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण मुलामुलींच्या हातात ते पडावं अशी माझी इच्छा आहे, कारण उद्याची हद्द तीच आखणार आहेत. कोणत्या वाघाला पकडायचं, कोणतं बियाणं पेरायचं, कोणाच्या जिवाची नोंद ठेवायची, हे निर्णय त्यांच्या टेबलावर येतील. तो निर्णय घेताना समोरच्या जिवाच्या जागी स्वतःला ठेवून पाहायची सवय लागते ती गोष्टींतून. ही सवय मराठीत, आपल्या जंगलाच्या आणि आपल्या वावराच्या गोष्टींतून लागावी. त्या गोष्टी लिहिणाऱ्यांत या जिल्ह्यातल्या मुली पुढे असाव्यात, आणि त्यांना आपलं नाव झाकावं लागू नये.